मुखवटा, चावी आणि चाल

माणसासारखे बोलणारे-चालणारे प्राणी ज्यांना आवडतात, जे स्वतःसाठी तसेच एखादे प्राणिरूप कल्पून त्याच्याच नावाने वावरतात, आणि ऐपत असल्यास केसाळ पोशाख शिवून घेऊन मिरवतात, अशा लोकांना ‘फरी’ म्हणतात. अमेरिकेत १९९७ पासून त्यांचे ‘अँथ्रोकॉन’ हे संमेलन भरत आले आहे, आणि लास व्हेगासच्या ‘डेफकॉन’ या हॅकरांच्या मेळ्यातही लांडगे-कोल्हे शेपट्या सावरत हिंडताना दिसतात. संगणकाची कुलपे उघडून पाहणारा आणि त्यांतील दोष मालकाच्या कानी घालणारा सुरक्षा-संशोधक कोल्ह्याच्या वेषात का वावरतो, याचे जगाला कोडे पडते. ज्या पेण तालुक्यात हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून माणसाच्या धडावर हत्तीचे मस्तक बसवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेथे मात्र हे कोडे पडण्याचे कारण नाही.

फरीचा पोशाख आणि गूढलेखन, म्हणजे मजकूर परक्याला वाचता येऊ नये असा बदलण्याचे शास्त्र, यांचा संबंध ऑग्यूस्त केरखॉफ्स यांनी नकळत सांगून ठेवला आहे. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुपित फक्त चावीत असावे, असे त्यांनी १८८३ मध्ये मांडले. चावी म्हणजे पद्धत तीच ठेवून दर वेळी बदलता येणारा गुप्त भाग. फरी हा तत्त्वनिष्ठ केरखॉफ्सवादी असतो : आपण लांडगा आहोत हे तो चौकात जाहीर करतो, गुप्त असते ते केवळ आधार कार्डावरचे नाव. याउलट मराठी मुलांची ‘च’ची भाषा, जीत शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी ‘च’ लावतात आणि याच पेण तालुक्यातल्या डोलवी गावाचे ‘चलवीडो’ होते, चावीविनाच चालते. म्हणूनच तिचा उपयोग मोठ्यांपासून काही लपवण्यापेक्षा आपण काहीतरी लपवत आहोत हे त्यांना कळवण्यासाठी अधिक होतो.

महानुभाव पंथाची सकळ लिपी त्या मानाने भारदस्त होती. अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी अक्षरे योजून पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके परक्यांच्या नजरेआड ठेवले, पुढे वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी तिची उकल केली. अशा बदलाची लिपी गणिताच्या कसोटीवर कच्चीच ठरते, म्हणून ती इतकी टिकली याचे श्रेय गणिताला देण्याऐवजी तोंड बंद ठेवणाऱ्या माणसांना देणे भाग आहे. आणि डोलवीची गोची नेमकी येथेच होते.

पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की गणित अभेद्य असले तरी ते करायला यंत्राला किती वेळ लागतो एवढे मोजूनही चावी काढता येते. मुख्य दरवाजा न फोडता अशा आडवाटेने गुपित काढण्याला साइड-चॅनेल हल्ला म्हणतात. शिमग्यात काळ्या वेषातल्या संकासुराला चालीवरून ओळखणारी कोकणातली पोरे हा हल्ला कोचरच्या आधीपासून करीत आली आहेत. तेव्हा डोलवीतला एखादा तरुण वैशाखात, धरमतरच्या खाडीवरून येणाऱ्या दमट हवेत, लांडग्याचा पोशाख चढवून मुंबई-गोवा महामार्गावर उतरलाच, तर त्याची अवस्था शेजारच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीतल्या खनिजासारखी होईल हे उघड आहे, परंतु त्याहून दारुण गोष्ट अशी की चपला फरपटण्याच्या आवाजावरून पारावरची म्हातारी मान वर न करताच “यो त आपला बारक्या!” असा निर्वाळा देईल आणि लगेच, लांडगा जेवला का, अशी चौकशीही करील.

दोष सापडल्यावर तो चव्हाट्यावर आणण्याआधी दुरुस्तीला अवधी देणे, हा संशोधकांचा शिष्टाचार आहे. गूगलचा ‘प्रोजेक्ट झीरो’ गट त्यासाठी साधारणपणे ९० दिवस देतो. डोलवीत ही मुदत फार तर लांडगा जवळच्या वडखळ नाक्यावर पोहोचेपर्यंत मिळेल, आणि तीही त्याला रिक्षा लगेच मिळाली तर.