पाच बारचा रुबाब

कॅनडातल्या रेव्हलस्टोकच्या डोंगरांत स्नोमोबाइल पळवणाऱ्यांपुढे एक गहन प्रश्न असतो: टर्बोला दाबाचा सेन्सर किती बारचा लावायचा? उत्तर ठरलेलं: शेजाऱ्यापेक्षा एक बार जास्त.

हिशेब खरं तर पाचवीतल्या पोराला जमेल. हा सेन्सर निर्वातापासूनचा दाब मोजतो. म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही त्यात धरायचा. समुद्रसपाटीला तो साधारण १०० किलोपास्कल, २००० मीटरवर ८०च्या आसपास. टर्बोची भर ५५, म्हणजे आठ पीएसआय. बेरीज १३५. २ बारचा सेन्सर २००पर्यंत मोजतो. झालं की! पण गडी ५ बारचा आणतो. सेन्सर दाब व्होल्टमध्ये सांगतो, आणि व्होल्ट तेवढेच पाच; ते २००ऐवजी ५००वर ताणायचे. सोनं तोलायला वखारीचा काटा!

खरी गंमत पुढेच. सेन्सर नवा, ३ बारचा. व्होल्टवरून दाब काढायचं इंजिनाच्या संगणकातलं कोष्टक मात्र जुनंच, २ बारचं. आता खरा दाब १५० झाला तरी संगणकाला १००च दिसतो. त्याच्या लेखी टर्बो अजून साखरझोपेत! तो पेट्रोल बेतानं सोडतो, आणि पिस्टन वितळतो. मग टर्बो बनवणाऱ्याच्या नावानं शिमगा.

तेव्हा मंडळी, आधी बेरीज करा, वर थोडा वाव ठेवा, सेन्सर बदलला तर कोष्टकही बदला. बंद पडलेली गाडी डोंगरातून ओढून आणायला दोर लागतो, बार नव्हे.