चालता चालता नेम

चालणं आपल्याला येतं, असा माझा पन्नाशीपर्यंत ठाम समज होता. तो टेक्सासात, डॅलसजवळच्या एका शूटिंग क्लबात, हातात नऊ मिलिमीटरचं पिस्तूल असताना मोडीत निघाला.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर शहाणी माणसं घर बघतात. मी ऑफिसातल्या मित्राच्या नादाने प्रॅक्टिकल शूटिंगला, म्हणजे चालता चालता नेम धरायच्या खेळाला, लागलो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया शहरात स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्यात अचूकता, ताकद आणि वेग अशा तीनच गोष्टी आहेत. त्यांपैकी एकही माझ्याकडे नव्हती, पण हौस दांडगी.

आईला फोनवर सांगितलं. स्वप्निल कुसळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकल्यापासून कोल्हापुरात आमच्या गल्लीतला प्रत्येक जण नेमबाजीतला जाणकार आहे. आई म्हणाली, "अरे, तो गुडघ्यावर बसून मारतो, पालथा पडून मारतो, उभा राहून मारतो. चालत कुठं मारतोय? तुला तिथं कुणी धड उभं राहू देत नाही का?"

तिला खेळाचा हिशेब समजावला. पुठ्ठ्याच्या टार्गेटवर मधल्या 'ए' भागात गोळी लागली तर ५ गुण, 'सी'ला ३, 'डी'ला १. हुकली तर उणे १०. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, की निघाला 'हिट फॅक्टर'. म्हणजे रमतगमत अचूक मारून भागत नाही आणि धडाधड हुकवूनही भागत नाही. मी पडलो इंजिनिअर. घरी एक्सेलमध्ये सगळं मांडलं. एक्सेलमध्ये मी पहिल्या दहांत येत होतो.

रेंजवर मात्र मी पाऊल टाकलं की पिस्तुलावरचा लाल ठिपका टार्गेट सोडून आभाळात फिरून यायचा. प्रशिक्षक म्हणाला, "गुडघे वाकव, बूड खाली घे, टाच आधी टेकव आणि पाऊल पंजापर्यंत घरंगळू दे. कमरेखालचा माणूस चालेल, वरचा जागचा हलणार नाही." अमेरिकेत या चालीला विनोदी नट ग्राउचो मार्क्सचं नाव आहे. मला ती हुबेहूब तमाशातल्या सोंगाड्याची वाटली. सरावासाठी मी घरभर काठोकाठ भरलेला चहाचा कप धरून तसा फिरू लागलो. बायको म्हणाली, "चाल सुधारेल तेव्हा सुधारेल, आधी गालिचा धुऊन दे."

स्पर्धेच्या दिवशी दोन लाकडी पट्ट्यांच्या मधून चालत तीन टार्गेटं टिपायची होती, प्रत्येकी दोन गोळ्या. नियम कडक. रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय पिस्तुलाला हात लावायचा नाही, चालताना नेम धरलेला नसेल तर बोट ट्रिगरबाहेर, आणि नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच. ती १८० अंशांची काल्पनिक रेषा ओलांडून मागे वळली, की स्पर्धेतून बाद.

"मेक रेडी... आर यू रेडी... स्टँडबाय." बीप!

आणि मी चाललो. काय चाललो! गुडघे वाकलेले, टाच, पंजा, टाच, पंजा. ठिपका टार्गेटवर खिळा ठोकल्यासारखा. इतकी सुंदर चाल माझ्या हातून, म्हणजे पायांतून, पूर्वी कधी घडली नव्हती. शेवटची पट्टी पायाला लागली तेव्हा ध्यानात आलं, की आपण एकही गोळी झाडलेली नाही.

टार्गेटं मागे राहिली होती. वळून मारावं तर १८० अंशांचा नियम. न मारावं तर प्रत्येक टार्गेटमागे दोन हुकलेल्या गोळ्यांचे उणे २० आणि टार्गेटकडे ढुंकून न पाहिल्याचे आणखी उणे १०. रेंज ऑफिसर मख्ख. सल्ला देणं त्याच्या कामात बसत नाही. मग नळी बांधाकडे ठेवून मी उलटा चालू लागलो. सोंगाड्याची चाल उलटी कशी चालतात, हे कुणी शिकवलं नव्हतं. टाच पट्टीला अडकली आणि मी बुडावर आपटलो. पण नळी समोर, बोट बाहेर, पिस्तूल हातात! नियम एकही मोडला नाही. माकडहाडाचं तेवढं सांगता येत नव्हतं.

बसल्या बसल्या मी सहा गोळ्या झाडल्या. सहाही 'ए'. तीस गुण!

वेळ चाळीस सेकंद. हिट फॅक्टर पाऊण. माझ्या आधीच्या काकांनी, वय वर्षं सत्तरच्या पुढे, सगळं सात सेकंदांत उरकलं होतं. प्रशिक्षक म्हणाला, "तुझा नेम उत्तम आहे. फक्त तू चालू नकोस."

तेव्हा वाचकहो, नेम डोळ्यांत असतो हे खोटं आहे; तो गुडघ्यांत असतो. या खेळाची हौस असेल तर पिस्तूल नंतर घ्या, आधी भरलेला कप हातात घेऊन चालून बघा. आणि तो चहाचा नको, पाण्याचा घ्या. गालिचाला डाग पडत नाही.