निकाल राखून ठेवला आहे

सरकारी अधिकारी सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याची खुर्ची जाते, पट्टेवाला जातो, दौऱ्याचा भत्ता जातो. परंतु तीस वर्षे अंगात मुरलेला अधिकार मात्र कोठेच जात नाही, आणि मग तो कोणी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, कोणी भाजीवालीवर, तर कोणी घरातल्या सुनेवर गाजवून खर्ची घालतो. आमच्या न्यायमूर्तींनी (ते निवृत्त झाले जिल्हा न्यायाधीश म्हणून, ही बढती त्यांना कोथरूडकरांनी परस्पर दिली) तो स्पीकरांवर गाजविण्याचे ठरविले. उत्तम गाणे घरबसल्या ऐकावयाचे तर त्यास साजेशी एक जोडी हवी, एवढ्या निरुपद्रवी अर्जापासून सुरू झालेले हे प्रकरण आज अकराव्या वर्षात असून, अनेक अर्जदार प्रथमदर्शनीच खारीज झाल्यावर आता दोनच पक्षकार त्यांच्या दिवाणखान्यात समोरासमोर उभे आहेत.

वादी विलायतेचा. इंग्लंडातील पीटर वॉकर या कारागिराने 1957 साली बाजारात आणलेला क्वॉड कंपनीचा हा विद्युत्स्थितिक स्पीकर. यात कागदी शंकू नाही, लोहचुंबक नाही. केसाहूनही पातळ असा एक प्लॅस्टिकचा पडदा ताणून हजारो व्होल्टच्या विद्युत्दाबाखाली ठेवलेला असतो आणि तोच थरथरून गातो. मुंबईच्या एका पारशी गृहस्थाच्या संग्रहातून ही जोडी आली, तेव्हा तिच्या जाळीदार रूपावरून मोलकरणीने ती शेगडी समजून तीवर ओली फडकी वाळत घातली होती. प्रतिवादी अमेरिकेचा. पॉल क्लिप्श यांनी 1946 साली आर्कान्सा संस्थानातील होप या गावी बनविण्यास आरंभ केलेला, कपाटाएवढा कर्णा. एका वॅटमध्ये तो शंभराहून अधिक डेसिबलची आरोळी ठोकतो, आणि तिकडून परतलेल्या भाच्याने आपल्या सामानासोबत तो मामांच्या घरी ठेवला, याचे कारण भाच्याच्या पत्नीने त्याला आपल्या घरात ठेवू दिले नाही.

या दोघांचा स्वभाव इतका विरुद्ध की, विधात्याने त्यांना खटल्यासाठीच जन्मास घातले असावे. क्वॉडचा पडदा जितका ध्वनी पुढे फेकतो तितकाच मागेही फेकतो, म्हणून त्यास भिंतीपासून दूर, खोलीच्या ऐन मध्याशी उभे राहावे लागते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यास प्रदक्षिणा घालून जावे लागते. उलट क्लिप्शचा कर्णा कोपऱ्याखेरीज अपुराच राहतो. कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच तो आपल्या तोंडाचा शेवटचा भाग करून घेतो, आणि खर्जाचे स्वर त्यांच्या आधारे बाहेर काढतो. जोडीस कोपरे दोन लागतात. न्यायमूर्तींच्या दिवाणखान्यात एक कोपरा मोकळा आहे; दुसरा ईशान्येचा, आणि तेथे देवघर.

"अहो, कोर्टाचे हुकूम कोर्टात," आतून शांत आवाज आला. "देव हलणार नाहीत."

न्यायमूर्तींनी तत्काळ 'जैसे थे' आदेश दिला. तेव्हापासून एक कर्णा कोपऱ्यातून गंभीर घोष करतो आणि दुसरा भिंतीच्या मध्यावर उभा राहून, बदली झालेल्या मामलेदाराप्रमाणे, पडेल आवाजात बोलतो.

सुनावणी दर रविवारी चार वाजता. पुराव्यादाखल किराणा घराण्यातील एका थोर गायकाची तबकडी लावली जाते. तीत आरंभी काही क्षण नुसते तंबोरे झंकारतात. घोडीवर तारेखाली सरकविलेल्या सुताच्या धाग्याने जी जवारी खुलते, तिचे एकेक पदर सुटे ऐकविणे हीच स्पीकरची खरी कसोटी, असे न्यायमूर्तींचे प्रतिपादन आहे, आणि ते मला मान्य आहे. मात्र गवयाने षड्जासाठी श्वास घेतला रे घेतला की ते सुई उचलतात. गाणे हा त्यांच्या मते पुराव्याच्या कक्षेबाहेरचा विषय. अकरा वर्षांत त्या थोर पुरुषाचा षड्ज मी एकदाच ऐकला, तोही फोन वाजल्यामुळे.

एकदा त्यांची आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, या कपाटातून बारीक शिटी वाजते." मनुष्याचा कान सेकंदास वीस ते वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो असे पुस्तके सांगतात, परंतु वरची मर्यादा वयाबरोबर खाली उतरत जाते, न्यायमूर्ती बहात्तर वर्षांचे, मीही मागे नाही. आम्ही दोघांनी कान लावले, काही ऐकू आले नाही. साक्षीदार अज्ञान असल्याच्या कारणास्तव जबानी अग्राह्य ठरली. कायद्यात 'अज्ञान' म्हणजे केवळ वयाने लहान, हे मी सुचविले. त्यावर मला बसण्यास सांगण्यात आले.

माझ्या स्वतःच्या स्थानाबद्दल माझी बरीच वर्षे गोड समजूत होती. आपल्या रसिकतेस मान देऊन हे दर रविवारी बोलावतात, असे मी घरी अभिमानाने सांगत असे. गेल्या वर्षी त्यांनी वॉलेस सॅबिन या शास्त्रज्ञाची हकिगत वाचली. हार्वर्ड विद्यापीठातील एका सभागृहात बोलणे घुमून अस्पष्ट होई. त्यावर उपाय शोधण्यासाठी 1895 च्या सुमारास या गृहस्थाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्री वाहून आणल्या, मोजल्या आणि उजाडण्यापूर्वी जागच्या जागी नेऊन ठेवल्या, आणि त्या खटाटोपातून वास्तूच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. न्यायमूर्तींच्या खोलीस मोझॅकची फरशी आणि उघड्या भिंती. टाळी वाजविली तर ती स्वतःस उत्तर देते. साहजिकच घरातील गाद्या, लोड, तक्के यांची जप्ती होऊन ते दिवाणखान्यात हजर करण्यात आले. त्याच सुमारास सहज त्यांचा रोजनामा माझ्या हाती लागला. तारीख, हवामान, 'तहकूब' हा शेरा, आणि त्याखाली उपस्थितांची यादी. सॅबिनच्या मोजणीत एक मनुष्य सुमारे सहा उशांइतका ध्वनी शोषून घेतो. यादीत माझ्या नावापुढे, माझ्या प्रकृतीमानाचा योग्य विचार करून, 'उशा आठ' अशी नोंद होती.

मला राग आला नाही असे म्हणणे खोटे होईल. परंतु बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाच्या नावापुढे कोणीतरी निश्चित अंक मांडला, हेही काही थोडे नव्हे, असा विचार करून मी हजेरी चालू ठेवली. माझा खाजगी कौल क्वॉडकडे आहे. तो मी एकदा नोंदवू पाहिला, तेव्हा उशांस मत नसते अशा अर्थाचा कटाक्ष माझ्याकडे टाकण्यात आला.

निकाल राखून ठेवला आहे. पुढील तारीख येत्या रविवारची असून, त्या दिवशी आणखी दोन उशांची गरज असल्याने, वैशाख चालू असला तरी मी लोकरीचा कोट घालून यावे, अशी लेखी सूचना मला मिळाली आहे.