पुरणपोळी: आयटी पद्धतीने

होळीला घरोघरी पुरणपोळी होते, पण ती अजूनही मागासलेल्या पद्धतीने होते. हिंजवडीत सॉफ्टवेअर ज्या शिस्तीने बनते, ती शिस्त ओट्यापर्यंत पोचावी म्हणून ही पाककृती.

साहित्य (पाच जणांसाठी, क्लायंट ऐनवेळी पंधरा जण आणणार हे धरून चालावे)
हरभऱ्याची डाळ २ वाट्या, चिरलेला गूळ २ वाट्या, कणीक, तेल, वेलची, जायफळ, मॅनेजर ३, टेस्टर १ (ऐच्छिक).

वाटी कोणती, हे कुठेही लिहू नये. १९९९मध्ये नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानासाठी एका गटाने पाउंडांच्या हिशेबात आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले आणि यान मंगळापाशी पोचून गडप झाले. एवढी थोर परंपरा पाठीशी असताना डाळ सासूबाईंच्या वाटीने आणि गूळ सुनेच्या वाटीने मोजायला काहीच हरकत नाही.

पूर्वतयारी
रोज सकाळी ओट्यासमोर उभ्याने सभा घ्यावी. काल काय चिरले, आज काय चिरणार आणि विळी कुणी अडवून ठेवली आहे, एवढेच प्रत्येकाने सांगावे. डाळ भिजत घातली का, हे सभेत विचारू नये. तो विषय वेगळ्या सभेचा.

सगळी कामे ओळीने करावीत आणि चाचणी अगदी शेवटी ठेवावी. विन्स्टन रॉइस यांनी १९७०मध्ये सॉफ्टवेअर बनवण्याविषयीच्या एका निबंधात हा क्रम आकृती काढून दाखवला. अशा क्रमात चाचणी शेवटी येते आणि त्यातच मोठा धोका आहे, असेही त्यांनी तिथेच लिहिले. आपण आकृती पाहून पान मिटावे.

कृती
१. डाळ शिजत लावावी. मध्येच दाणा काढून बोटांनी दाबून पाहू नये. ते टेस्टरचे काम, आणि टेस्टरला पोळ्या झाल्यावर बोलावले आहे. निथळलेल्या कटाची आमटी होईल. ती आपल्या योजनेत पहिल्यापासून होती, असे क्लायंटला सांगावे.

२. गूळ घालून पुरण आटवावे. जुन्याजाणत्या बायका पुरणात झारा उभा करून बघतात. उभा राहिला तर झाले, कलंडला तर अजून आटवायचे. ही चाचणी दोन सेकंदांत होते, कुणालाही जमते आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. अशा चाचणीवर अहवाल लिहिता येत नाही, म्हणून ती टाळावी. त्याऐवजी ‘पुरण नव्वद टक्के झाले’ असे कळवावे. उरलेल्या दहा टक्क्यांनाही तेवढाच वेळ लागतो, हे कळवू नये.

३. प्रमाण मागच्या होळीचेच जसेच्या तसे उचलावे. यंदाचा गूळ वेगळा आहे, ही सबब ऐकू नये. १९९६मध्ये एरियन-५ अग्निबाणात एरियन-४चा प्रोग्रॅम तसाच ठेवला होता. जुन्या बाणात तो बिनतक्रार चालला होता. नव्याचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा नेमून दिलेल्या जागेत मावेना आणि सुमारे चाळीस सेकंदांत खेळ खलास झाला.

४. कणकेचा गट आणि पुरणाचा गट वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे. दोघांची गाठ थेट पोळपाटावर पडावी. पोळी तव्यावर फुटली की कणीकवाले म्हणतील, ‘परातीत तर छान होती!’ पुरणवाले म्हणतील, ‘कढईत येऊन बघा!’ दोघेही खरेच बोलत असतात. फुटलेली पोळी मात्र कुणाचीच नसते.

५. उशीर होणारच. होळीची तारीख पंचांगात छापलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी शेजारच्या चार जणींना मदतीला बोलवावे. सॉफ्टवेअरच्या रखडलेल्या कामात माणसे वाढवली की ते आणखी रखडते, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्येच लिहून ठेवले आहे. पुरणयंत्र कुठे ठेवले आहे, हे चौघींना सांगण्यात घरची बाई गुंतली की त्याचा प्रत्यय येतो.

चाचणी
टेस्टरला एका पोळीचा एक तुकडा द्यावा. त्याने कुरकुर केल्यास ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण ऐकवावी. भाताची सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतात, म्हणून एका शितावर भागते. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ वेगळ्या चुलीवर शिजलेली असते आणि एक ओळ मऊ लागली म्हणून शेजारची कच्ची नसेल असे नाही. पण हे टेस्टरला बोलू देऊ नये, जेवणे खोळंबतात.

इशारा
काही घरांत एक कालबाह्य प्रथा अजून टिकून आहे. नैवेद्याचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. शेवटी चव घेऊन सुधारण्याची सोयच नाही, त्यामुळे तिथली बाई डाळ बोटांनी दाबून बघते, पुरणात झारा उभा करते, कणीक ओढून तिची तार बघते आणि वास घेऊन वेलची आवरते. पान वाढेपर्यंत तपासायचे काही शिल्लकच राहत नाही. या पद्धतीत तक्रारींची यादी होत नाही, रात्री जागून दुरुस्ती करावी लागत नाही, तिन्ही मॅनेजरांना काम उरत नाही आणि संकटातून प्रकल्प वाचवल्याबद्दल कुणाचा सत्कारही होत नाही. बढती हवी असणाऱ्यांनी या पद्धतीच्या नादी लागू नये.