मंगळावर नगरसेवक नाही

मंगळ राहण्याजोगा करायला काय लागतं? 'टेराफॉर्मिंग मार्स' या पटावरच्या खेळानं 2016 साली त्याचं सुटसुटीत उत्तर दिलं. तापमान उणे 30 वरून अधिक 8 अंशांवर न्या, प्राणवायू 14 टक्क्यांवर आणा, नऊ समुद्र भरा, की झालं. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक बडी कंपनी. पैसा ओता, लघुग्रह आदळा, जंगल लावा, कोणी विचारत नाही. स्वीडनच्या याकोब फ्रिक्सेलियस यांनी रचलेला हा खेळ आम्ही नोएडात, ऐन नोव्हेंबरात, खिडक्या घट्ट लावून आणि कोपऱ्यात एअर प्युरिफायर घुरघुरत ठेवून खेळतो. मंगळाचा प्राणवायू टक्काभर वाढला की टाळ्या पडतात. बाहेरच्या हवेचा आकडा त्या वेळी कोणी मोबाइलवर बघायचा नाही, एवढं पथ्य पाळतो.

2019 साली या खेळाला 'टर्मॉइल' नावाची पुरवणी आली आणि मंगळावर राजकारण शिरलं. सहा पक्ष, एक सभागृह. खेळातल्या फेरीला पिढी म्हणतात. दर पिढीला आपला एक प्रतिनिधी कुठल्याही पक्षात फुकट पाठवता येतो, त्यापुढच्या प्रत्येकाला पाच मेगाक्रेडिट मोजायचे. ज्या पक्षात गर्दी जास्त त्याचं सरकार, आणि त्या गर्दीत ज्याची माणसं जास्त तो अध्यक्ष. अध्यक्ष खुर्चीत बसला रे बसला की त्या पक्षातले बाकीचे सगळे प्रतिनिधी आपापल्या मालकाकडे परततात. सरकार आलं त्या क्षणी पक्ष रिकामा! हा नियम लिहिणारा माणूस स्वीडनचा आहे, यावर आमच्याकडे कोणाचा विश्वास बसत नाही.

पुण्याच्या माझ्या मावसभावाला हे बिलकुल पसंत नाही. "अरे, छान मंगळ वसवत होतो, त्यात ही भानगड कशाला?" पुण्यात बसून असं म्हणता येतं. दिल्लीच्या आसपास राहणाऱ्याला उलट मूळ खेळच अर्धवट वाटतो. एवढी जमीन वाटली जातेय आणि फाइल कुणाच्याच टेबलावर अडत नाही, हे काही पटत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचे अंकलजी केंद्र सरकारातून निवृत्त झालेत. मूळ खेळात ते जेमतेम तग धरायचे. पत्त्यांवरची बारीक अक्षरं वाचायचा त्यांना कंटाळा. पुरवणी आली आणि त्यांचं रूप पालटलं. आता ते समुद्र भरत नाहीत, जंगल लावत नाहीत. चहात बिस्कीट बुडवत फक्त एवढं विचारतात, "अभी चेअरमन कौन है?" आणि दोन बोटांत धरलेला प्रतिनिधी अलगद लाल पक्षात ठेवतात.

हा लाल पक्ष म्हणजे पुरवणीतली खरी करामत. मंगळ आहे तसाच राहू द्या, असं म्हणणारी ही मंडळी. किम स्टॅनली रॉबिन्सनची 'रेड मार्स' ही 1992 सालची कादंबरी वाचलेल्यांना ती ओळखीची वाटतील. त्यांचं सरकार असेपर्यंत मंगळ सुधारून आपलं मानांकन वाढवायचं तर प्रत्येक पायरीला तीन मेगाक्रेडिट दंड. आणि ते सत्तेवर येतात तेव्हा ज्याचं मानांकन सगळ्यात कमी, त्याला एक गुण बक्षीस. म्हणजे पुढे असलेल्याच्या पायात पाय आणि मागे पडलेल्याच्या पाठीवर हात. मंगळाच्या मूळ रूपाबद्दल जिव्हाळा म्हणून या पक्षात गेलेला खेळाडू मी तरी पाहिलेला नाही. जो मागे पडतो त्याला एकाएकी निसर्गाचं प्रेम फुटतं.

आपत्तीही येतात. संप, सौरज्वाला, धुळीचं वादळ. सगळ्या आधी जाहीर होतात, म्हणजे तयारीला वेळ असतो. तयारी कसली? सभागृहात वजन वाढवायची. वादळानं प्रत्येक बांधकामामागे तुमचा पैसा जातो, पण वजन असेल तेवढं नुकसान कमी. मेमधल्या आंधीत आमच्या गॅलरीतल्या कुंड्या उडतात, तेव्हा हा नियम हटकून आठवतो.

अंकलजींची तक्रार एकच. लालमध्ये ठेवलेला प्रतिनिधी पुढच्या खेपेला उचलून हरित पक्षात नेता येतो का? नाही येत. "फिर ये काहे की पॉलिटिक्स!" त्यांचं चुकत नाही. शेजारच्या हरियाणात 1967 साली आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला 'आया राम गया राम' मिळाला. पक्षांतरबंदीचा कायदा यायला 1985 उजाडलं. अवकाशातल्या कुठल्याही गोलावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येणार नाही, हा आंतरराष्ट्रीय करारही त्याच 1967 सालचा. तो देशांबद्दल बोलतो. खेळात मात्र पटावर एकही देश नसतो, नुसत्या कंपन्या.

आणि मतदार? तो या पुरवणीत कुठेच नाही. सहा पक्ष, अध्यक्ष, आपत्ती, सगळं आहे, पण मंगळावर राहणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. मावसभावानं ही खोड काढली तेव्हा मी त्याला माझ्या गावाबद्दल सांगितलं. नोएडा 17 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीत, जन्माला आलं. यमुनेकाठच्या शेतजमिनीवर सेक्टर आखले, रस्ते आले, मग टॉवर. आजही इथे महापालिका नाही आणि नगरसेवकही नाही. शहर चालवतं प्राधिकरण, त्यावर सरकार नेमतं तो अधिकारी. आमदार-खासदारांना आम्ही मत देतो, पण गटार तुंबलं तर ज्याला पाडता येईल असा माणूस इथे मिळत नाही.

म्हणून मग ती सगळी हौस सोसायटीच्या निवडणुकीत भागते. मतदारयादीवरून भांडणं, लिफ्टमध्ये पत्रकं, दोन पॅनेल आणि एक तिसरं, ज्याचा एकमेव जाहीरनामा म्हणजे काहीच बदलू नका. अंकलजी यंदा कुठे आहेत, ते वेगळं सांगायला नको.

मतदार हवाच असेल, तर 'शासन' हा आपल्याकडे मुंबईच्या झैन मेमन यांनी रचलेला खेळ आहे. त्यात मतदार असतात, पैसा, दबदबा, माध्यमं आणि विश्वास खर्चून ते मिळवायचे असतात. तो खेळल्यावर मंगळच बरा, असं आमच्यातल्या दोघांचं मत पडलं.

'टर्मॉइल' घ्यायची की नाही, असं विचाराल तर घ्या. मात्र नवख्यांसमोर पहिल्याच डावात काढू नका, सरावलेल्यांसाठीच ती केली आहे. दोघांत खेळू नका, चौघे तरी हवेत. आणि जमलं तर त्यातला एक निवृत्त सरकारी अधिकारी असू द्या.