टार्गेटसाहेब, एक रकाना सोडा

माननीय टार्गेटसाहेब,



तुमचा मुक्काम वर्षभर प्रत्येक कार्यालयात असतो, पण मार्च लागला की तुम्ही अंगात येता. खर्ची टाका, आकडा पाठवा, संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. त्याच महिन्यात आमच्या गडचिरोली-चंद्रपुरात मोह गळायला लागतो. बाया पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. पाचोळ्यात फुलं सापडत नाहीत म्हणून काही जण आधीच खालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी, साफ होते. फूल लांबून दिसतं, टोपली झटकन भरते. आग मात्र झाडाखाली थांबेलच असं नाही. कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, सगळं घेऊन ती पुढे जाते. बाया हे पोटासाठी करतात. तुम्ही हेच खुर्चीवर बसून करता आणि त्याला कार्यक्षमता म्हणता.

महाभारतातल्या अग्नीला यज्ञातलं तूप खाऊन खाऊन अजीर्ण झालं होतं. उतारा म्हणून त्याला अख्खं खांडववन हवं होतं. कृष्ण आणि अर्जुन मदतीला उभे राहिले, इंद्राचा पाऊस अर्जुनाने बाणांनी अडवला, पळणारे जीव परत आगीत गेले. कामात कुठे कसूर म्हणून राहिली नाही. साहेब, तुमचंही दुखणं तेच आहे. आकडे खाऊन तुम्हाला अजीर्ण झालंय आणि उतारा म्हणून तुम्ही जंगल मागता.

पण त्या आगीतून एक मय दानव ओरडत बाहेर आला आणि अर्जुनाने त्याला अभय दिलं. पुढे त्यानेच चौदा महिने खपून पांडवांची सभा उभारली. अर्जुनाचे सगळे बाण एका बाजूला आणि ते एक अभय दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर माझ्या लेखी अभयाचं वजन जास्त भरतं. तुमच्या राज्यात मयाला अभय मिळत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कार्यालयाच्या रोपवनाचे खड्डे चालू होते. इतके हजार खड्डे, अमुक तारखेच्या आत. रोजंदारीवरचा एक म्हातारा माणूस कुदळ टेकून म्हणाला, ‘साहेब, या खुंटायले फुटवे येऊन राहिले. आग आवरली तं जंगल आपणच उभं होते.’ मी वाकून पाहिलं. तोडलेल्या सागाच्या खुंटाला बोटभर तांबूस फुटवे होते, एकेका खुंटाला पाच-सहा. साहेबांनी तक्ता उलटून पाहिला आणि सांगितलं, ‘फुटव्यांचा रकाना नाही.’ दुपारपर्यंत ते खुंट उपटून तिथे खड्डे झाले. तक्ता मीच भरला. तुमच्यावर माझा राग आहे तो त्या दुपारचा आहे.

वेगळं करता येत नाही, असं मला सांगू नका. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. तिथे गावाने दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात कुणीही यावं, प्रश्न विचारावेत, चुकीचं बोलावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचं जरी मन वळलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीला. तुमच्या घड्याळात हा वेळेचा अपव्यय ठरेल. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांच्या हातून ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर बांबू मोजून तोडला, मोजून विकला. शिस्त गावाला कळते. फक्त आधी विचार करायला गावाने जागा ठेवली होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्याहून पुढे गेलं. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला हमखास रोख पैसा. पण चांगला पत्ता यावा म्हणून झाडं छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात. गावाने बांबूवर भर दिला आणि तेंदूची फळं माणसांसाठी, पाखरांसाठी झाडावर ठेवली. हातातला पैसा सोडायचा हा ठराव तुमच्या कुठल्या तक्त्यात बसला असता?

आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा असा रकाना देशात कुठेच नव्हता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. पुढे देशभरातल्या आशाताई तेच काम करू लागल्या.

तुम्ही जावं असं मी म्हणत नाही. मजुरी वेळेवर निघावी, बांबू नीट मोजला जावा, बाळाचं वजन ठरल्या दिवशी व्हावं, त्यासाठी तुम्ही लागताच. पण येत्या मार्चला तक्ता पाठवाल तेव्हा त्यात फुटव्यांसाठी एक रकाना सोडा. तो वर्षभर रिकामा राहिला तरी खोडू नका, आणि तो भरणाऱ्या म्हाताऱ्याला अभय द्या.

आपला,
वीस वर्षं तुमचे रकाने भरणारा एक कर्मचारी,
गडचिरोली