आठ पटाश्या आणि एक वाडगा

मुंबईची नोकरी संपवून संगमेश्वरला परतलेल्या माणसाला हल्ली लेथ घ्यायचाच असतो. परसात फणसाचा ओंडका पडलेला असतोच. प्रश्न उरतो हत्यारांचा. मग कुरिअरने आठ पटाश्यांचा संच येतो, पॉलिश केलेल्या पेटीत. त्यातल्या निम्म्या लाटणी नि पलंगाचे पाय कातायच्या. वाडग्याला लागते खोल खाचेची, जाड दांड्याची एक गोल पटाशी, फार तर एक स्क्रॅपर, आणि धार लावायला ग्राइंडर.

संचातली ती रुंद, ओंडका सोलायची पटाशी वाडग्याला लावणं सरळसरळ धोक्याचं. मुठीत शिरणारी तिची शेपटी बारीक. आडव्या रेषांत अडकली की मोडते. पण दिसायला तीच सगळ्यांत रुबाबदार, म्हणून पहिला मान तिचा. ग्राइंडर मात्र 'बघू पुढच्या महिन्यात'. तोवर बोथट पटाशी लाकूड कापत नाही, नुसती समजूत काढते.

सावंतवाडीत लाकडी खेळणी कातणाऱ्या कारागिराला कोणी संचाची कंपनी विचारल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय ओला फणस आधी जाडसर कोरून, काठ व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवून, महिनोन्‌महिने सुकवायचा. कोकणच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तेवढ्यात दुसरा संच येतो.